इंटरनेटचं बिल वाढलंय? भांडायच्या आधी हे तपासा: कोल्हापुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

बिल वाढल्याचं कळतं ते मोबाईलवर आलेल्या मेसेजवरून, आणि त्या मेसेजात एकच आकडा असतो: भरायची एकूण रक्कम. त्यावरून कारण काही कळत नाही. तरी बहुतेक जण तेवढ्यावरच कस्टमर केअरला फोन लावतात, ‘बिल का वाढलं’ विचारतात आणि ‘सर, आपला प्लॅन रिव्हाइज झालाय’ असलं गुळगुळीत उत्तर ऐकून गप्प बसतात.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा बदलीवर इथं आलेल्यांना हे जास्त भोवतं. विद्यापीठाजवळ चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट असतो, किंवा नोकरी शिरोली एमआयडीसीत आणि भाड्याचं घर उचगावात. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, बिल कुठल्या ईमेलवर जातं, दर ठरताना काय बोलणं झालं होतं, यातलं निम्मं माहीतच नसतं. म्हणून जरा क्रमानं जाऊ.

पूर्ण बिल मिळवा, एक नव्हे तीन

मेसेज म्हणजे बिल नव्हे. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ईमेलवर बिलाची पीडीएफ असते, ती उतरवून घ्या. कनेक्शन घरमालकाच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल तर ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जातो आणि तुम्ही ॲपमध्ये शिरूच शकत नाही. हे काम आधी उरका. मालकांना सांगून नोंदणीचा मोबाईल नंबर बदलून घ्या, नाहीतर पुढं तक्रार करायची वेळ आली की ‘नोंदणीकृत नंबरवरून बोला’ यावरच गाडी अडते.

पेठांमध्ये आणि उपनगरांत पुष्कळ घरांत इंटरनेट येतं ते गल्लीतल्या केबलवाल्याकडून. तिथं बिल म्हणजे कधी व्हॉट्सॲपवर आलेलं ‘पेमेंट रिसिव्हड’, कधी वहीतली टिकमार्क. त्याच्याकडं रीतसर बिल मागा. मागण्यात संकोच कसला?

तीन बिलं कशाला? कारण पुष्कळदा या महिन्याचं बिल वाढलेलं नसतंच, मागच्या महिन्याचं कमी आलेलं असतं. लाइन आठवडाभर बंद होती म्हणून काही रुपये वजा झाले, किंवा पैसे भरताना कॅशबॅक मिळाला, की पुढचं नेहमीचं बिलही चढं वाटतं. त्याच प्लॅनचं तीन-चार महिन्यांपूर्वीचं बिल शेजारी ठेवलं की हा भ्रम लगेच फिटतो.

एकूण रक्कम झाका, ओळी वाचा

बिलात साधारण पाच गोष्टी असतात: महिन्याचं भाडं, जादा घेतलेल्या सेवा, एकदाच लागणारे आकार, मागची बाकी आणि कर. वाढ यांतल्या एका-दोन ओळींतच असते. मागची बाकी सोडली तर कर बाकीच्या ओळींवर बसतो म्हणून ती फुगून दिसते.

नव्या माणसाची पहिली गफलत इथंच होते. जाहिरातीतला दर बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. इंटरनेट सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, महाराष्ट्रातल्या बिलावर तो केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ असा फोडून दाखवतात. म्हणजे ४९९चा प्लॅन ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो, ९९९चा ११७८ रुपये ८२ पैशांना. ही वाढ नव्हे, पहिल्यापासूनचाच भाव आहे. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा १५ टक्क्यांचा सेवाकर जाऊन १८ टक्के झाले, त्यानंतर हा दर हललेला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये टीव्ही, एसीवरचा कर उतरला तेव्हा इंटरनेटही स्वस्त होईल अशी काहींची समजूत झाली होती, पण ते १८वरच राहिलं. त्यामुळं कुणी ‘सरकारनं टॅक्स वाढवला’ म्हणून सांगू लागलं तर बिलातली टक्केवारी बघा. १८च असेल तर कारण दुसरीकडं आहे.

समजा कळंब्यातल्या एका घराचं बिल आजवर ५८८.८२ येत होतं आणि या महिन्यात ८८२.६४ आलं. जवळजवळ तीनशेचा फरक, घरात आरडाओरडा होणारच. आता ओळी बघू. सवलत वजा जाऊन ४९९ पडणारं भाडं आता पूर्ण ५९९ लागलंय, कारण सुरुवातीची सवलत संपली. ‘ओटीटी पॅक’ म्हणून ९९ रुपयांची नवी ओळ आलीय. मागचं बिल उशिरा भरलं म्हणून ५० रुपये विलंब आकार आहे. बेरीज ७४८, त्यावर १८ टक्के म्हणजे १३४.६४. (विलंब आकारावरही जीएसटी लागतो, तो कायद्यातच आहे.) म्हणजे सवलतीमुळं ११८ रुपये, ओटीटीमुळं ११६.८२ आणि उशिरामुळं ५९. तिघांची बेरीज बरोबर २९३.८२.

आता या घराला काय करायचं ते आपोआप दिसतं. ५९ रुपये पुढच्या महिन्यात आपसूक जातील. ११६.८२ एका फोनवर बंद होतील. घासाघीस करायची ती फक्त ११८ रुपयांसाठी. तीनशे रुपयांसाठी भांडणाऱ्या माणसाला कुणी दाद देत नाही, एका ओळीवर बोट ठेवणाऱ्याला द्यावी लागते.

सवलत संपली, की दर वाढला?

हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि कंपनीचा माणूस दोन्हींना ‘रिव्हिजन’च म्हणतो.

सवलत संपली असेल तर ती कधी संपणार हे कनेक्शन घेतानाच ठरलेलं असतं. पहिले सहा महिने कमी दर, किंवा सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट, असा तो मामला असतो. अर्ज भरताना ती अट बारीक अक्षरात किंवा तोंडी सांगितलेली असते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात फक्त मोठा आकडा राहतो. अशा वेळी बिलात आधी ‘डिस्काउंट’ अशी वजाबाकीची ओळ दिसायची ती गायब झालेली असते. भाड्याची ओळ तीच, वजाबाकी नाही. बिलं शेजारी ठेवली की हे पाच मिनिटांत सापडतं.

एकरकमी पैसे भरणाऱ्यांनी महिन्याचा भाव असा काढावा: करासह भरलेली रक्कम भागिले मिळालेले दिवस, गुणिले ३०. सहा महिन्यांचे करासह ३,५४० भरले आणि फुकटच्या महिन्यासह २१० दिवस मिळाले, तर महिना पडला साधारण ५०६ रुपयांना. मुदत संपल्यावर तोच प्लॅन महिन्यामहिन्यानं चालू ठेवला तर ५९०. दर एक पैसाही न वाढता तुम्हाला ८४ रुपये जादा लागले.

दर खरोखर वाढला असेल तर भाड्याची मूळ ओळच बदललेली असते. भारतात इंटरनेटचे दर सरकार ठरवून देत नाही, कंपन्या आपापले ठरवतात आणि ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, कळवतात. ट्रायच्या संकेतस्थळावर दरांची वेगळी सोय आहे, तिथं कंपनी आणि राज्य निवडून सध्याचे प्लॅन बघता येतात. तुमच्या प्लॅनचं नाव त्यात दिसत नसेल तर तुम्ही बहुधा जुन्या, बंद झालेल्या प्लॅनवर आहात. असले प्लॅन कधी नव्यापेक्षा स्वस्त असतात, कधी महाग. महाग असेल तर कंपनी आपण होऊन कधीच सांगत नाही.

जुलै २०२४मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय यांनी मोबाईलचे दर वाढवले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. तो निर्णय मोबाईलचा होता. घरच्या फायबरच्या वाढीचं कारण म्हणून तो कुणी पुढं केला तर मान हलवू नका, प्लॅनचं नाव आणि नवा दर विचारा.

केबलवाल्याचं बिल आणि जीएसटीचा नंबर

गल्लीतला केबलवाला बहुधा परवानाधारक इंटरनेट कंपनीचा भागीदार असतो. कंपनीकडून बँडविड्थ येते, आपल्या घरापर्यंत तार तो ओढतो. वर्षानुवर्षं तो ‘महिना पाचशे’ एवढंच म्हणत असतो आणि एके दिवशी ५९० मागतो. विचारलं तर ‘जीएसटी लागलाय’.

हे खरंही असू शकतं. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, मग तो १८ टक्के लावतो आणि पाचशेचे पाचशे नव्वद होतात. पण ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटीच्या नावाखाली एक रुपयाही घेता येत नाही. आणि छोट्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत जो आहे, त्यालाही ग्राहकाकडून वेगळा कर वसूल करता येत नाही. म्हणून प्रश्न एकच:

“दादा, जीएसटी लावलासा, खरं नंबर कुठं छापलाय?” (इथल्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

बहुतेक वेळा उत्तर येतं, “ते वरनंच लागून येतंय.” येत असेल, हरकत नाही. मग वरच्या कंपनीचं, तिचा नंबर छापलेलं बिल द्या म्हणावं. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-आकड्यांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही. नंबर टाकला की नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झालीय, नोंदणी साधी आहे की कंपोझिशनची, सगळं दिसतं. हे करताना आवाज चढवायची गरज नाही. त्याच माणसाला उद्या रात्री वायर तुटली म्हणून बोलवायचं आहे, आणि मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरपेक्षा तो लवकर येतो, हेही तितकंच खरं.

दिवसांचा हिशोबही इथंच बघा. ‘महिना’ म्हणजे २८ दिवस, ३० दिवस की १ तारखेपासून १ तारखेपर्यंत? २८ दिवसांचा रिचार्ज असेल तर वर्षात बाराऐवजी तेरा वेळा पैसे जातात. दर तोच ठेवून मुदत ३०वरून २८ केली तरी ती सात टक्क्यांची वाढच आहे, आणि बिलाच्या रकमेत ती कधीच दिसत नाही.

पहिलं बिल

कनेक्शन नवं असेल आणि पोस्टपेड असेल तर पहिलं बिल मोठं येतंच. १८ जूनला जोडणी झाली आणि बिलाचं चक्र १ तारखेचं असेल, तर जूनचे १३ दिवस आणि जुलैचं पूर्ण भाडं आगाऊ, असं एकत्र येतं. ४९९च्या प्लॅनवर ते २१६.२३ अधिक ४९९, आणि करासह ८४३.९७. जोडणी आकार किंवा अनामत असेल तर त्याहून जास्त. पुढचं बिल ५८८.८२वर येतं का ते बघा, आलं तर विषय संपला. चक्राच्या मध्येच प्लॅन बदलला तरी असंच होतं: जुन्याचे उरलेले दिवस वजा, नव्याचे अधिक, आणि त्या एका बिलाचा अर्थ लावताना डोकं चक्रावतं.

डबा, अडॅप्टर आणि वळीव

भिंतीवर लावलेला वायफायचा डबा फुकट मिळालाय असं आपण धरून चालतो. तो बहुधा कंपनीचाच असतो. कधी त्याचं भाडं काही महिने माफ असतं आणि मग हळूच सुरू होतं, बिलात ‘राउटर रेंटल’ किंवा ‘डिव्हाइस चार्ज’ म्हणून. स्वतःचा राउटर विकत घेतलेला असेल तर हे भाडं बंद करता येतं का ते विचारा. फायबरच्या टोकाचा डबा मात्र कंपनीचाच लागतो.

एप्रिल-मे महिन्यात इथं वळीव गडगडाट करत येतो आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या गल्लीचं इंटरनेट बंद असतं. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, पण डब्याचा अडॅप्टर घरच्या वीजजोडणीवर असतो. शिवाय काही ठिकाणी इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचपासून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल ओढलेली असते, तिच्यातून झटका थेट राउटरच्या पोर्टपर्यंत जातो. दुरुस्तीला आलेला माणूस अडॅप्टर बदलून देतो, पैशाचं काही बोलत नाही, आणि पुढच्या बिलात एकदाच लागणारा आकार येतो. तो अडॅप्टर लावत असतानाच विचारायचं: ‘याचे पैसे लागणार का, किती?’ आणि ढग जमले की प्लग काढून ठेवायचा, लॅनच्या वायरसकट.

जास्त वापरलं म्हणून?

घरात सगळे आधी पोरांच्या गेमिंगवर येतात. फायबरच्या अमर्याद म्हणवल्या जाणाऱ्या प्लॅनमध्ये वापर वाढला म्हणून सहसा बिल वाढत नाही, मर्यादा ओलांडली की वेग उतरतो. ही मर्यादा मोठ्या कंपन्यांकडं बहुधा महिन्याला ३,३०० जीबी असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी. चांगल्या प्रतीचा एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो. दिवसाचे ३६ तास टीव्ही चालू ठेवला तर कुठं ती गाठली जाईल. हवेतून येणाऱ्या एअरफायबरवर मर्यादा कमी, साधारण १,००० जीबी असते, तिथंही आधी वेगच पडतो. सोबत लँडलाइन दिली असेल तर परदेशी कॉल मात्र वेगळे लागतात. मुलगी अमेरिकेत असेल तर व्हॉट्सॲपवरून बोलावं.

ऑटो-पे

ऑटो-पे लावलेलं असलं की बिल कुणी उघडत नाही, आणि फुकट चाचणीवर सुरू केलेला ओटीटी पॅक महिनोन् महिने पैसे खात राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी. ती येते, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात बुडते. त्या सूचनेतली रक्कम मागच्याशी ताडून बघायची सवय लावा. काही पेमेंट ॲप स्वतःचं शुल्कही वर लावतात. बिलात नसलेले दोन-तीन रुपये खात्यातून गेले असतील तर ते कंपनीचे नव्हेत, ॲपचे.

आता फोन करा

बिल समोर असू द्या. ‘बिल का वाढलं’ असं न विचारता ‘अमुक तारखेच्या बिलात ९९ रुपयांची ओटीटीची ओळ आहे, ती कुणी आणि कोणत्या तारखेला सुरू केली’ असं विचारा. तुम्ही सुरू केली नसेल तर बंद करून रक्कम परत मागा. सवलत संपली असेल तर सरळ म्हणा की याच वेगाला दुसरीकडं कमी पडतंय, तुमच्याकडं काय देता. असं म्हणायच्या आधी खरोखर चौकशी केलेली असावी. गॅलरीत उभं राहून समोरच्या खांबावर बघा, शिवाजी पेठ असो की राजारामपुरी, तीन-चार जणांच्या तारा लोंबकळत असतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा, त्यांचं कुणाचं आहे, कितीला आहे, आणि पावसात किती वेळा बंद पडतं.

फोन ठेवायच्या आधी तक्रार क्रमांक मागा. हा ‘डॉकेट नंबर’ देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि तो नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही. पूर आला की त्याचं महत्त्व कळतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, लोक घरं सोडून गेले, तरी बिलाचं चक्र आपलं फिरतच राहतं. सेवा बराच काळ बंद राहिली तर भाड्यात सूट देण्याची तरतूद नियमांत आहे, पण लाइन कधीपासून बंद होती हे तक्रार क्रमांकाच्या तारखेवरूनच ठरतं. घरात पाणी शिरलेलं असताना हे सुचत नाही, म्हणून निवाऱ्यावर पोचल्यावर तरी एक फोन करून नंबर घ्यावा.

तरी ऐकलं नाही तर

बिलाच्या तक्रारीला काही आठवडे लागतात. तोवर बिल अजिबात न भरणं परवडत नाही, लाइन तुटते आणि विलंब आकार वर बसतो. वाद नसलेली रक्कम भरून बाकीची रोखून धरता येईल का ते विचारा, नाही म्हणाले तर पूर्ण भरून ‘तक्रार कायम ठेवून भरत आहे’ असा ईमेल टाका.

कस्टमर केअरचं उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जायचं. त्याला पैसे पडत नाहीत, पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, अपील ३० दिवसांच्या आत करायचं. अगदी छोट्या पुरवठादाराकडं ही व्यवस्था नसू शकते, तिथं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन करा. थेट ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ते करत नाहीत. शेवटचा मार्ग कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही, आणि टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये स्पष्ट केलंय. शंभर रुपयांसाठी कुणी तिथवर जात नाही. पण चुकीची वसुली वर्षभर चालली असेल, किंवा अनामत अडकवून ठेवली असेल, तर जावं.

कंपनी बदलायचीच ठरली तर मोबाईलसारखं नंबर तोच ठेवून पोर्ट व्हायची सोय इथं नाही. नवी लाइन सुरू होऊन दोन-चार दिवस नीट चालू द्या, मगच जुनी बंद करायला सांगा, आणि तेही लेखी. ऑटो-पे बँकेच्या ॲपमधून स्वतः रद्द करा. डबा आणि अडॅप्टर परत देताना डब्यामागच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि नेणाऱ्याकडून पोच घ्या. पोच नसेल तर काही महिन्यांनी ‘उपकरण परत केलं नाही’ म्हणून शेवटचं बिल येऊ शकतं, आणि तोवर तो डबा नेणारा पोरगा दुसरीकडं कामाला लागलेला असतो.